दोन कॅमेऱ्यांवर रिव्ह्यू द्यावा का? धावबादसाठी जरूर, पायचीतसाठी नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उपनगरातली लेदर बॉलची टी-२० स्पर्धा, यंदा यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, म्हणजे दोन कॅमेरे मैदानात असणारच आहेत. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात एका पायचीतवरून वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला आणि हरलेला संघ बक्षीस समारंभालाही थांबला नाही. म्हणून यंदा प्रत्येक संघाला दोन रिव्ह्यू, म्हणजे पंचांचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून मागण्याच्या दोन संधी, द्याव्यात का, आणि द्यायचे तर राबवायचे कसे? जोडीला तुम्ही हेही विचारलंय की टीव्हीवर चेंडू यष्टीला लागताना दिसतो, तरी 'अंपायर्स कॉल' म्हणून फलंदाज नाबाद कसा राहतो.

मी मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहतोय आणि अलीकडे प्रक्षेपण असलेल्या स्पर्धांत मॉनिटरसमोरही बसतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. धावबाद आणि यष्टिचीतसाठी कॅमेरा जरूर वापरा, पण मैदानावरच्या पंचांनी मागितला तरच. पायचीतसाठी वापरू नका. झेलासाठीही नको. काही गोष्टी तुमच्या मैदानावर, उजेडावर आणि कॅमेऱ्यांवर अवलंबून आहेत, त्या ओघात येतीलच.

तुमची अडचण निर्णय चुकण्याची आहे असं तुम्ही लिहिलंय. मला ती विश्वासाची वाटते. तो पायचीत बरोबर होता की चूक, हे आज कोणालाच सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. पण निर्णय देणारा पंच कोण होता, कुणी नेमला होता, स्क्वेअर लेगला कोण उभा होता, हे प्रश्न त्या संघाच्या मनात नक्की असणार. आपल्याकडे अनेक स्पर्धांत मुख्य पंच एकच असतो आणि स्क्वेअर लेगला फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा मुलगा उभा करतात. तुमच्याकडे तसं असेल तर रिव्ह्यूचा विचार पुढच्या वर्षी करा. यंदाचे पैसे प्रत्येक सामन्याला दोन तटस्थ, परीक्षा उत्तीर्ण पंच आणण्यावर खर्च करा. पंच तटस्थ असण्याचं महत्त्व मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे होते, आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. कॅमेऱ्याची मदत त्यानंतर सहा वर्षांनी आली. आधी पंचांवरचा संशय मिटवायचा आणि मग यंत्र आणायचं, हा क्रम मला आजही बरोबर वाटतो.

दोन तटस्थ पंच आहेत असं धरून पुढे जातो.

तिसऱ्या पंचाने टीव्हीवर पाहून दिलेला पहिला बळी आपल्या सचिनचा. नोव्हेंबर १९९२, डर्बन, जाँटी ऱ्होड्सची फेक आणि धावबाद. तंत्रज्ञानाची सुरुवात धावबादपासून झाली, कारण त्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यात खरंच असतं. बेल उडाली त्या क्षणी बॅट कुठे होती? रेघ जमिनीवर आहे, बॅट जमिनीवर आहे, बेल डोळ्यांसमोर आहे. सगळं घडून गेलेलं आहे, फक्त ते थांबवून बघायचं आहे.

पायचीतचं तसं नाही. त्यात तीन गोष्टी पाहाव्या लागतात: टप्पा कुठे पडला, पॅडला कुठे लागला, आणि पॅड नसता तर चेंडू यष्टीवर गेला असता का. पहिल्या दोन घडलेल्या आहेत. तिसरी घडलेलीच नाही, तो अंदाज आहे. पंच तो अंदाज डोळ्यांनी करतो, हॉक-आय गणिताने करतं. हॉक-आयसाठी मैदानाभोवती अनेक वेगवान कॅमेरे लावलेले असतात, त्यांच्या चित्रांवरून चेंडूची प्रत्येक क्षणाची जागा काढतात आणि मग मार्ग पुढे वाढवतात. टीव्हीवर आपल्याला जो चेंडू यष्टीत शिरताना दिसतो, तो कुणीही चित्रित केलेला नाही. तो हिशेबातून काढलेला आहे.

आता तुमचा अंपायर्स कॉलचा प्रश्न सोपा होतो. हिशेबात थोडी चूक राहू शकते हे मान्य करून आयसीसीने नियम केला, की नाबादचा निर्णय उलटवायचा तर निम्म्यापेक्षा जास्त चेंडू यष्टींच्या क्षेत्रात लागताना दिसला पाहिजे. त्याहून कमी लागत असेल तर पंचांनी मैदानावर जे दिलं तेच कायम. त्यामुळे एकच चेंडू एका पंचाच्या निर्णयानुसार बाद आणि दुसऱ्याच्या निर्णयानुसार नाबाद ठरू शकतो, आणि दोन्ही निर्णय रिव्ह्यूत टिकतात. हे काहींना पटत नाही. मला पूर्ण पटतं. यंत्राला जिथे खात्री नाही तिथे त्याने माणसाचा निर्णय खोडू नये. अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयसीसीच्या क्रिकेट समितीपुढे २०२१ मध्ये हा विषय आला तेव्हाही अंपायर्स कॉल कायमच राहिला. बदल झाले ते कडेकडेने: २०१६ मध्ये हे क्षेत्र ऑफ आणि लेग यष्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत रुंद झालं, २०१७ पासून अंपायर्स कॉल आला तर संघाचा रिव्ह्यू वाया जात नाही, आणि २०२१ मध्ये क्षेत्राची उंची यष्टींच्या वरच्या टोकापर्यंत नेली.

एवढी यंत्रणा असूनही आयसीसी अर्ध्या चेंडूची सूट ठेवते. मग दोन कॅमेऱ्यांवर आपण काय ठरवणार? आकडे मांडून बघा.

क्लब पातळीवरचा बरा मध्यमगती गोलंदाज ताशी १०८ किलोमीटरने टाकतो असं धरू. म्हणजे चेंडू सेकंदाला ३० मीटर जातो. यूट्यूबवाल्यांचा कॅमेरा बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रं घेतो. म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात चेंडू एक मीटर पुढे गेलेला असतो. टप्पा पडला तो क्षण, पॅडला लागला तो क्षण, दोन्ही तुमच्या चित्रांच्या फटीत हरवतात. ६० चित्रं घेतली तरी अर्धा मीटर. मोबाइलचं २४० चित्रांचं स्लो मोशन घेतलं तरी साडेबारा सेंटिमीटर, आणि चेंडूची जाडी आहे सात सेंटिमीटरच्या आसपास.

दिशेचं तर आणखी कठीण. फलंदाजाने पाय पुढे टाकला आणि चेंडू यष्टीच्या दोन मीटर पुढे पॅडला लागला असं समजा. चेंडूच्या दिशेचा अंदाज फक्त एक अंश चुकला तर यष्टीपाशी पोहोचेपर्यंत तो साडेतीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे बरोबर अर्धा चेंडू. आता कॅमेऱ्याकडे बघा. सरळ रेषेतला कॅमेरा तुम्ही साइटस्क्रीनच्या वर लावणार, यष्टीपासून साधारण ७० मीटरवर. तो मधल्या यष्टीच्या रेषेपासून सव्वा मीटर जरी बाजूला असला तरी तेवढाच एक अंशाचा फरक पडतो. आझाद मैदानावर किंवा कुठल्याही गजबजलेल्या मैदानावर, जिथे बाजूच्या सामन्याचा फाइन लेग तुमच्या कॅमेऱ्यापुढे उभा असतो, तिथे सव्वा मीटरची अचूकता कोण राखणार? आणि असं चित्र थांबवून, त्यावर पट्टी ठेवून पंचाचा निर्णय फिरवला, तर तो त्या पंचावर अन्याय आहे. तो यष्टीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत उभा होता. त्याच्याइतकी चांगली जागा तुमच्या कुठल्याच कॅमेऱ्याला नाही.

आपल्या बोर्डाचा इतिहासही हेच सांगतो. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत आपल्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सची स्पष्ट कड पंचांना दिसली नाही, तो तीसवर वाचला आणि नाबाद १६२ करून गेला. त्या वर्षी रिव्ह्यूची पहिली चाचणी झाली तीही भारताच्या श्रीलंका दौऱ्यात. पण त्या चाचणीनंतर बीसीसीआयने बॉल ट्रॅकिंगवर, म्हणजे हॉक-आयसारख्या चेंडूचा मार्ग काढणाऱ्या यंत्रणेवर, विश्वास बसत नाही म्हणून कित्येक वर्षं डीआरएसला, म्हणजे या रिव्ह्यू पद्धतीला, नकार दिला. घरच्या मालिकेत तो आला नोव्हेंबर २०१६ मध्ये, इंग्लंडविरुद्ध. त्यानंतर रणजीच्या बाद फेरीत २०१९-२० ला मर्यादित रिव्ह्यू आणला, त्यात बॉल ट्रॅकिंगही नव्हतं आणि कडेचा आवाज टिपणारं अल्ट्राएजही नव्हतं. सगळी साधनं परवडणारी संस्था एवढी जपून पावलं टाकते, तर आपणही टाकावीत.

झेलाबद्दल दोन प्रश्न येतात: कड लागली का, आणि चेंडू जमिनीला लागला का. कडेसाठी लोक आवाज ऐकायला सांगतात. यष्टीत माइक नसेल तर हे अजिबात करू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सीमारेषेवरचा कॅमेरा ६५ मीटरवर असेल तर बॅटचा आवाज त्याच्यापर्यंत जवळजवळ एक पंचमांश सेकंद उशिरा पोहोचतो. नेमकं सांगायचं तर ०.१९ सेकंद, म्हणजे सहा चित्रं. तेवढ्यात चेंडू साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. यष्टिरक्षक पुढे उभा असेल तर रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' वाजतं तेव्हा चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये असतो, आणि सगळे म्हणतात, बघा, आवाज ग्लोव्हजचा आहे. जमिनीलगतच्या झेलाचं वेगळंच. लांबून झूम केलेल्या चित्रात खोली चपटी होते, बोटं चेंडूखाली असली तरी गवत चेंडूला टेकल्यासारखं दिसतं. म्हणूनच अशा झेलांचे निर्णय मोठ्या सामन्यांतही वर्षानुवर्षं वादाचे ठरले. जून २०२३ पासून आयसीसीने मैदानावरच्या पंचांचा 'सॉफ्ट सिग्नल', म्हणजे तिसऱ्या पंचाला विचारताना आधी द्यायचा स्वतःचा अंदाज, काढून टाकला. तिथे तिसऱ्या पंचाकडे अनेक कोनांतली चित्रं असतात. तुमच्याकडे ती नाहीत. तुमच्या दोन पंचांनी एकमेकांजवळ जाऊन, खेळाडूंना दूर ठेवून, शांतपणे बोलावं आणि ठरवावं. नियमात सल्लामसलतीची सोय आहे आणि आपले पंच ती फार कमी वापरतात.

आता जे करायचं त्याबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण धावबादसुद्धा नीट मांडणी नसेल तर तितकाच फसवा होतो.

पहिली गोष्ट, कॅमेरा क्रीजच्या रेषेत हवा. दोन कॅमेरे असतील तर एकेक टोकाच्या पॉपिंग क्रीजला (फलंदाजाने गाठायची रेघ) एकेक, थेट काटकोनात. उंची थोडी कमीजास्त चालेल, उलट बांबूच्या परांचीवर असला तर स्क्वेअर लेगचा पंच आडवा येत नाही. पण रेषेतून सरकलेला चालणार नाही. आणि तो हलता कामा नये. प्रक्षेपणवाले चेंडूमागे कॅमेरा फिरवतात, ते त्यांच्या कामाच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण फेक येते तेव्हा कॅमेरा कव्हरच्या क्षेत्ररक्षकावर असतो आणि क्रीज चौकटीबाहेर. त्यांना आधीच सांगा की हे दोन कॅमेरे खिळवलेले राहतील, चेंडूमागे फिरायला तिसरा आणा. तिसरा परवडत नसेल तर प्रेक्षकांना थोडं साधं प्रक्षेपण दिसेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरी, यूट्यूबवर गेलेलं चित्र बघून निर्णय देऊ नका. वाटेत ते दाबलं जातं, नेटवर्क कमी पडलं की चित्रं गळतात. कॅमेऱ्यातल्या कार्डवरचं किंवा थेट केबलने आलेलं मूळ रेकॉर्डिंग हवं, सेकंदाला किमान ६० चित्रं आणि शटर जलद. शटर मंद असेल तर प्रत्येक चित्रात बॅट फराट्यासारखी उमटते. सेकंदाला सहा मीटर पळणारा फलंदाज एक पन्नासांश सेकंदात बारा सेंटिमीटर सरकतो, मग बॅटचं टोक नेमकं कुठे संपतं हे कोण सांगणार? संध्याकाळी उजेड उतरला की शटर जलद ठेवता येत नाही. त्यामुळे शेवटच्या षटकांत, जेव्हा रिव्ह्यूची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच चित्र सगळ्यात वाईट असतं. सामने वेळेवर सुरू करा, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

तिसरी, चुन्याची रेघ. क्रीज म्हणजे त्या रेघेची यष्टीकडची मागची कड. बॅट रेघेवर असेल तर फलंदाज आत नाही. पण पंधरा षटकांनंतर फलंदाजांच्या स्पाइक्सनी ती कड पसरलेली असते, कुठे मातीत मिसळलेली असते. मैदानावर वाकून ती दिसते, साठ मीटरवरून दिसत नाही. डावाच्या मध्ये माळीबुवांकडून दोन्ही क्रीज सुतळी लावून नव्याने आखून घ्या. आणि बेल्सचा रंग यष्टीपेक्षा वेगळा असू द्या. नियमाप्रमाणे बेल यष्टीच्या डोक्यावरून पूर्ण सुटलेली हवी, नुसती हललेली नाही, आणि लाकडी यष्टीवरची लाकडी बेल लांबून सुटली की हलली हे ओळखता येत नाही.

हे सगळं नीट असूनही काय होतं ते सांगतो. एका सामन्यात मी मॉनिटरवर होतो. मैदानावरच्या पंचांनी धावबाद विचारला. पहिल्या चित्रात बॅट रेघेवर, बेल्स जागेवर. पुढच्या चित्रात बॅट चांगली आत, बेल हवेत. मधलं चित्र नाही. बॅट आधी आत गेली की बेल आधी सुटली, हे त्या दोन चित्रांत नव्हतंच. दोन्ही कर्णधार माझ्या खांद्यावरून तेच बघत होते आणि दोघांनाही आपापलं खरं दिसत होतं. मी नाबाद दिलं, कारण पंचाने निर्णय न देता विचारलं होतं आणि शंकेचा फायदा फलंदाजाचा.

म्हणून नियमात दोन परिस्थिती वेगळ्या लिहा. पंचाने स्वतः निर्णय न देता विचारलं असेल, तर शंका असल्यास नाबाद. आणि पंचाने निर्णय दिला असेल, तर तो उलटवायला स्पष्ट पुरावा हवा. पुरावा नसेल तर मूळ निर्णय कायम, मग तो बाद असो वा नाबाद. हे वाक्य छापील नियमांत असलं पाहिजे. क्रिकेटचे नियम करणाऱ्या लंडनच्या एमसीसी क्लबच्या नियमांत रिव्ह्यू नाही, तो त्या त्या स्पर्धेच्या खेळाच्या अटींतून येतो. तुमच्या अटींत लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या पंचाला अधिकारच नाही, आणि हरलेला संघ ते बरोबर शोधून काढेल.

संघांना रिव्ह्यू मागण्याचा हक्क द्यावा का? माझा कल नको असा आहे. हक्क दिला की त्याचा डावपेच होतो, आणि तो संपला की अन्याय झाल्याची भावना दुप्पट होते. २०१९ च्या हेडिंग्ले कसोटीत ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू आधीच्या षटकात घालवला आणि पुढच्या षटकात लायनच्या चेंडूवर इंग्लंडचा स्टोक्स पायचीत असूनही त्यांना दाद मागता आली नाही. तुमच्या समितीला द्यायचाच असेल तर प्रत्येक संघाला एकच, फक्त धावबाद आणि यष्टिचीतसाठी, मैदानावरच्या कर्णधाराने किंवा संबंधित फलंदाजाने १५ सेकंदांच्या आत मागितलेला. तंबूतून खूण आली असं पंचांना वाटलं तर रद्द.

एक कलम बहुतेक स्पर्धा विसरतात आणि शेवटच्या षटकात अडकतात. पंचाने फलंदाजाला बाद दिलं, दरम्यान चेंडू सुटून सीमापार गेला, मग रिव्ह्यूत फलंदाज नाबाद ठरला. चार धावा मिळतात का? डीआरएसमध्ये मिळत नाहीत. पंचाने बाद दिलं त्या क्षणी चेंडू मृत होतो, नोबॉलची धाव असेल तर तेवढी धरतात. तुम्हीही तेच ठेवा, पण लिहून ठेवा आणि नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवा.

नोबॉल शक्यतो मैदानावरच्या पंचावर सोडा. पाय टेकतो त्या क्षणी त्याचा काही भाग क्रीजच्या मागे हवा, हवेत असला तरी चालतो. नंतर पाय घसरला तर तो नोबॉल नाही. कमी चित्रांत टेकलेला आणि घसरलेला पाय यातला फरक कळत नाही.

राहिला मॉनिटरसमोरचा माणूस. तो पंचच हवा, तिसरा, त्या सामन्यासाठी नेमलेला. कॅमेरावाला, समालोचक किंवा आयोजकांपैकी कुणी नको. त्याला खेळाडूंपासून दूर, सावलीत, पडदा लावून बसवा, म्हणजे उन्हात स्क्रीन दिसते आणि खांद्यावरून कुणी बघत नाही. मैदानावरच्या पंचांशी वॉकीटॉकीवर फक्त त्याने बोलायचं. दोन मिनिटांत उत्तर मिळालं नाही तर पुरावा नाही असं धरायचं. आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा, दोन मुलांना क्रीजवर पळवा, खोटे धावबाद करा आणि तिसऱ्या पंचाला खऱ्या केबलवर ते बघू द्या. कुठला कॅमेरा रेषेतून सरकलाय, कुठे झाडाची सावली क्रीजवर पडते, ते तेव्हाच कळेल आणि तेव्हाच दुरुस्त करता येईल.